तिच्या पेपरावर माझं अक्षर

अकाउंटिंग अँड फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका मुलीचा पेपर लिहिला. चोरून नाही, परवानगीने. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि अशा वेळी कॉलेज लेखनिक देतं. परीक्षार्थी बोलणार, लेखनिक लिहिणार. आमच्याकडे लेखनिक म्हटलं तर कोणाला कळत नाही, रायटर म्हणतात.

ती तिसऱ्या वर्षाची होती. दुसऱ्या वर्षाच्या अकाउंट्सच्या एका पेपरात तिला केटी होती, म्हणजे तो विषय राहिला होता, आणि पुन्हा पुन्हा बसूनही ती सुटत नव्हती. बाकीचे विषय निघाले होते. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने तिला अकाउंट्समध्ये घ्यायचं कबूल केलं होतं, पण पदवी पूर्ण झाल्याची मार्कशीट आणली तरच. तोवर कच्ची नोकरी. त्यात परीक्षेच्या आधी काटई रोडवर तिची स्कूटी घसरली आणि मनगट मोडलं. हे सगळं मला तिनेच सांगितलं, आणि ते सांगताना ती हसत होती. तिला सगळ्याच गोष्टी हसत सांगायची सवय होती, दुसऱ्याची फजिती तर जास्तच.

आम्ही दोघी एकाच क्लासला जायचो. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, खाली बॅगांचं दुकान आणि वर लांबट खोलीत क्लास. सर मराठीच, पण इतकी वर्षं सिंधी व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवून त्यांच्या तोंडात सगळ्यांसाठी "बेटा" बसलेलं. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक सेमिस्टरला ते काही समं, म्हणजे गणितं, निवडायचे आणि ती पाठ करायला लावायचे. समजून नाही, पाठ. ट्रायल बॅलन्सपासून शेवटच्या बेरजेपर्यंत, मधल्या वर्किंगसकट. "पेपर काढणाऱ्यालाही कंटाळा असतो बेटा," ते म्हणायचे, "तो नवीन काही बनवत नाही." आणि खरंच, बऱ्याचदा त्यातलंच एखादं यायचं. डोळे मिटून अख्खी बॅलन्स शीट म्हणून दाखवणारी मुलं आमच्या क्लासमध्ये होती. ती त्यातली पहिली.

माझं नाव सरांनीच सुचवलं. "हिचं अक्षर बघ, छापल्यासारखं. आणि इंग्लिश मिडियम, थिअरीत स्पेलिंग चुकणार नाही."

नियम असा होता की रायटर परीक्षार्थीपेक्षा एक वर्ष खालचा हवा, म्हणजे त्याला विषय येत नसतो. कॉलेजच्या ऑफिसातल्या क्लार्कने माझं ओळखपत्र पाहिलं, त्यावर दुसरं वर्ष लिहिलेलं वाचलं, तिच्या ओळखपत्रावरचं तिसरं वर्ष वाचलं आणि शिक्का मारला. पेपर दुसऱ्या वर्षाचाच होता. मी स्वतः तो दिवाळीनंतर देऊन पास झाले होते. हे क्लार्कच्या लक्षात आलं नाही. सरांच्या आलं होतं. तिच्याही.

मला ऑफिसच्या खिडकीशी बोलायला अजूनही जमत नाही.

ती मला कॉन्व्हेंट म्हणायची. माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, एका ट्रस्टची साधी इंग्रजी शाळा होती, पण तिला तेवढा फरक कशाला हवा. आमच्या घरी आगरी बोलतात, शाळेत इंग्रजी. मधली ही पुस्तकातली मराठी मला उशिरा आली आणि आकडे तर फारच उशिरा. क्लासमध्ये तिने एकदा मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

"ए कॉन्व्हेंट, एकोणसत्तर म्हणजे किती गं?"

मी मनात मोजायला लागले.

"अरे मोजतेय बघा, मोजतेय! बाबांची जमीन विकताना काय केलं असेल हिच्या घरी? बिल्डर म्हणाला एकोणसत्तर, हे म्हणाले ठीक आहे, थर्टी दे!"

सगळे हसले. सरही हसले. आमची जमीन माझ्या जन्माच्या आधी गेली, आणि तो व्यवहार आजोबांनी केला होता, ज्यांना सगळे आकडे येत होते. हे सांगण्यासारखं होतं. मी खाली बसले.

पेपरच्या आधी सरावासाठी मी तिच्या घरी गेले. अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या पुढे एका चाळीत त्यांची एक खोली होती, ती आणि तिची आई. खोलीत भिंतीला लावून जीन्सचे गठ्ठे होते. उल्हासनगरच्या कारखान्यातून शिवलेल्या पँटी येतात, त्यांचे लोंबणारे धागे कापून द्यायचे, असं काम तिची आई करायची. तिच्या बोटांची टोकं निळी होती. तिने मला चहा दिला तेव्हा कपाच्या कानावर निळा डाग पडला आणि तिने तो पदराने पुसला.

"बाय, हिला एवढी पास कर गो," ती म्हणाली. ती मूळची कोकणातली. "मग मी ह्ये सगळं बंद करणार. हिने सांगितलंय."

"आई, ती काय पास करणार? ती फक्त लिहिणार," मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. आई बाहेर गेल्यावर म्हणाली, "ऐक. सम मी बोलते, मला पाठ आहे. पण मध्ये कुठे अडकले तर तू बघून घे. तुला येतं सगळं. सुपरवायझर मॅडमला काय कळणार आहे, पेन तुझ्या हातात आहे."

मी मान हलवली. मी बऱ्याच वेळा मान हलवते आणि लोक त्यातून त्यांना हवं ते घेतात.

एक गोष्ट आम्ही त्या दिवशी ठरवली. आकडे ती इंग्रजीतच सांगणार, एकेक अंक सुटा करून. "तुझ्या भरवशावर एकोणसत्तर सोडलं तर माझी वाट लागेल," ती म्हणाली. तीन तास आम्ही तसंच केलं. एकही आकडा चुकला नाही. तिने दरवेळी वही ओढून तपासलं, आणि प्रत्येक वेळी बरोबर निघाल्यावर तिला थोडं वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

पेपरला आम्हाला ग्रंथालयाशेजारची छोटी खोली मिळाली. आमच्यासाठी एकच सुपरवायझर होत्या, वयस्कर सिंधी मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या अगदी शेजारी घेतली.

"ये बोलेगी, तू लिखेगी," त्या मला म्हणाल्या. "दिमाग घर पे रख के आई है ना?"

"जी मॅम."

"गुड."

प्रश्नपत्रिका आली. तिने डाव्या हाताने ती उलटवली, कंपल्सरी सम पाहिलं आणि प्लास्टरचा हात टेबलावर आपटला.

"आलं!"

"शांती," मॅडम म्हणाल्या.

सरांचं पाठ सम होतं. अ आणि ब अशा दोन भागीदारांचा धंदा, वर्षाच्या मध्येच क तिसरा भागीदार म्हणून येतो. ट्रायल बॅलन्सचे सगळे आकडे तेच. ते आकडे मला ओळखीच्या चेहऱ्यासारखे दिसत होते, तर तिला किती दिसले असतील. तिने त्याखालचं वाचलंच नाही. लगेच सांगायला लागली.

मी वाचलं. रायटरला कागद दिसतोच. खाली ॲडजस्टमेंट्समध्ये, क कधी आला ती तारीख होती. क्लासच्या समात तो ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला यायचा. इथे तो जुलैच्या पहिल्या तारखेला आला होता. पेपर काढणाऱ्याने एवढाच एक बदल केला होता, आणि तो पाठ करून येणाऱ्यांसाठीच केला असणार हे मला त्या क्षणी कळलं.

अकाउंट्सचं शिक्षण न घेतलेल्यांसाठी सांगते. नव्या भागीदाराला तो यायच्या आधीच्या नफ्यातला वाटा मिळत नाही. म्हणून वर्षाचे दोन तुकडे करायचे, तो यायच्या आधीचा आणि नंतरचा, आणि भाडं, पगार, सगळा खर्च त्या प्रमाणात वाटायचा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. ऑक्टोबरला आला तर वर्षाचे दोन सारखे भाग. जुलैला आला तर एक भाग आधीचा, तीन भाग नंतरचे. इथे चुकलं की पुढची प्रत्येक ओळ चुकते. पण शेवटची बेरीज चुकत नाही. नफा तेवढाच असतो, फक्त चुकीच्या माणसांच्या नावावर जातो. बॅलन्स शीट सुंदर जुळते.

"वर्किंग नोट वन," ती सांगत होती. "टाइम रेशो. वन इज टू वन."

मी एकास तीन लिहिलं.

मी ते तिला मदत म्हणून लिहिलं का, हे मला नंतर कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नाही. जुलै वाचल्यावर माझ्या हाताला दुसरं काही लिहिता येत नव्हतं, इतकंच मला आठवतं. आणि तिने सांगितलं होतंच की, तू बघून घे.

ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"हे काय लिहिलंस?"

मी पेन पुढच्या ओळीवर नेलं.

"वन इज टू वन म्हटलं मी. वन इज टू वन! बहिरी आहेस का? मॅडम, ही स्वतःच्या मनाने लिहितेय."

मॅडमनी उत्तरपत्रिका ओढली. माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं.

"क्या बोला था मैंने?"

"सॉरी मॅम."

"इसने क्या बोला?"

"वन इज टू वन."

"तो तूने थ्री कहाँ से लाया?"

याचं उत्तर द्यायचं तर विषय येतो हे कबूल करावं लागलं असतं. आणि विषय येतो म्हटल्यावर मी त्या खुर्चीत बसूच शकत नव्हते. मी म्हटलं, "चुकून."

"काट. और साइन कर यहाँ. फिर से हुआ तो दोनों का केस बनाऊँगी, तेरा भी साल जाएगा."

मी एकास तीन खोडलं, बाजूला सही केली आणि एकास एक लिहिलं. ती मोठ्याने श्वास सोडत म्हणाली, "थोडक्यात वाचले बाबा. हिने डुबवलंच होतं."

मी अजून एकदा प्रयत्न केला. पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी मी पेनचं टोक प्रश्नपत्रिकेवर, बरोबर त्या तारखेखाली ठेवलं. लिहायच्या आधी पेन टेकवतात तसं. तिने बघितलं असतं तर तिला दिसलं असतं, जुलै हा छोटा शब्द आहे.

"टोचतेस काय कागदाला? लिही ना," ती म्हणाली.

"इशारा नहीं," मॅडम म्हणाल्या आणि प्रश्नपत्रिका उचलून तिच्या बाजूला सरकवली.

त्यानंतर मी फक्त लिहिलं. ती थांबत नव्हती. न वाचता, खिडकीकडे बघत ती आकडे सांगत होती, एकेक अंक, एकही चूक न करता, आणि ते सगळे चुकीचे होते. मी पट्टीने रकाने आखले. बेरजेखाली दुहेरी रेघ मारली. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बघ. असं असतं, कॉन्व्हेंट." मॅडमनाही बरं वाटलेलं दिसलं. जुळलेली बॅलन्स शीट कोणालाही बरी वाटते.

बाहेर तिची आई उभी होती. स्टीलच्या डब्यात शिरा आणला होता. दोघींना भरवला, आधी तिला आणि मग मला, त्याच चमच्याने. तिच्या वर्गातली मुलं जमली होती.

"टॅली झालं!" ती सांगत होती. "आणि ही बाई माहितीये काय करत होती? स्वतःचाच रेशो टाकत होती! मी पकडलं म्हणून. नाहीतर आज गेले होते मी कामातून."

"अगं, मुद्दाम केलं असेल का तिने?" आई म्हणाली.

"मुद्दाम कशाला, तेवढी अक्कल कुठे आहे."

मी शिरा गिळला. ती पास होणार नाही हे त्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं. तेव्हा सांगून उपयोग नव्हता, पेपर गठ्ठ्यात बांधून गेला होता. आणि खरं सांगायचं तर ती ज्या पद्धतीने माझ्याकडे बोट करून हसत होती, त्यानंतर मला सांगावंसंही वाटलं नाही.

निकालाला वेळ लागला. प्लास्टर निघाल्यावर ती कंपनीत जायला लागली. ती स्टेटसला फोटो टाकायची, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा, कँटीनचं ताट, संगणकासमोर काढलेला सेल्फी. तिने नवीन ड्रेस घेतले. एकदा मला मेसेज आला, "थँक्यू कॉन्व्हेंट, तू एवढे प्रयत्न करूनही मी सुटणार." खाली हसून लोळणारे चेहरे. मी अंगठा पाठवला.

ती नापास झाली. फार थोड्याने. कंपनीने महिनाअखेरपर्यंत थांबून बघितलं, मग तिचा पट्टा परत घेतला. हे मला क्लासमधल्या मुलींच्या बोलण्यातून कळलं. माझ्याशी कोणी थेट बोलत नव्हतं. मी आत आले की बोलणं थांबायचं आणि मी बसले की परत सुरू व्हायचं. "आकडेच कळत नाहीत तर रायटर व्हायचं कशाला?" असं एकीने माझ्या पाठीमागे, मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं.

तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. ती आली तेव्हा ती आईला घेऊन क्लासमध्ये आली. सरांनी मला पहिल्या बाकावर बोलावलं. मागे आमची बॅच बसली होती, कोणाला बाहेर जायला सांगितलं नाही.

"हे बघा सर, हिचं अक्षर," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. हसल्याशिवाय तिचा चेहरा कसा दिसतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, मोठा आणि मोकळा, कोणी मारल्यासारखा. "मला सम पाठ होतं. तुम्ही घेतलं होतंत माझ्याकडून. त्याला शून्य कसे पडतील?"

सरांनी प्रश्नपत्रिका घेतली. झेरॉक्स घेतली. सर हुशार आहेत. त्यांचं बोट प्रश्नपत्रिकेवरून खाली आलं आणि तारखेपाशी थांबलं. मग झेरॉक्सवर, खोडलेल्या एकास तीनवर. तिथे माझी सही होती. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे, अगदी थोडा वेळ. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ते सांगतील. समजावून सांगणं हेच तर त्यांचं काम आहे.

खालच्या दुकानदाराचा मुलगा, दोन नवीन ॲडमिशन आणि अख्खी बॅच ऐकत होती. प्रत्येकाच्या वहीत तेच सम होतं.

सरांनी कागद उलटे ठेवले.

"इंग्लिश मिडियमचा प्रॉब्लेम असतो हा," ते म्हणाले. "ऐकताना गडबड होते. हिचा हेतू वाईट नव्हता."

"आकडे इंग्लिशमध्येच सांगितले होते," मी म्हटलं. एवढंच. ते इतक्या हळू आलं की बहुतेक फक्त सरांनाच ऐकू गेलं. ते दुसरीकडे बघायला लागले.

तिची आई बाकाच्या कडेला बसली होती. तिने विचारलं, "सर, मग हिचं नाय ना चुकलं? माझ्या मुलीचं?"

"नाही हो काकू. तिचं सगळं पाठ होतं. एक अंक चुकली नाही ती."

त्या बाईचे खांदे खाली आले. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला, निळ्या टोकांचा, आणि तो तिथेच राहू दिला. मी तेव्हा बोलू शकले असते. जुलै, एवढा एकच शब्द पुरेसा होता. पण तो शब्द सरांना लागला नसता, तो तिथे, त्या हाताखाली जाऊन लागला असता.

"सॉरी म्हण तिला," सर मला म्हणाले. "संपवून टाकू विषय."

"सॉरी ताई," मी म्हटलं. त्याआधी मी तिला कधी काही हाक मारली नव्हती.

"इंग्लिश नको," ती म्हणाली. "मराठीत म्हण. आणि मोठ्याने, यांना ऐकू जाऊ दे."

मागे कोणीतरी हसू दाबलं. सर फळा पुसायला लागले होते.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"अजून."

"माझं चुकलं."

आई उठली. तिने झेरॉक्स नीट घडी करून पिशवीत ठेवली, माझ्याकडे न बघता. "चल गो," ती मुलीला म्हणाली. "गठ्ठे न्यायला माणूस येईल आता. तू पण बस आज माझ्यासोबत कापायला, माल पुष्कळ बाकी आहे."